डबामा काय शे?

खळ शिजताना मेथीची पूड टाकायची
आणि चिमूटभर मोरचूद,
मग कसरीची काय बिशाद.
हे मला पारोळ्याच्या वाचनालयात तोतारामअण्णांनी शिकवलं.
सुई धरायला शिकवावी लागली नाही.
ते काम घरातल्या गोधड्यांनी आधीच केलं होतं.

पाठीला काळं कापड, असा अण्णांचा नियम.
एका श्रावणात काळं संपलं,
आणि घरात कानबाईच्या ओटीचे खण पडून,
लाल, जांभळे, पोपटी,
कुणाच्याच मापाला न बसणारे.
लावून टाकले.
अण्णा आठ दिवस बोलले नाहीत.
नवव्या दिवशी स्टँडवरचा सुपडू रसवंतीवाला आला,
ते पोपटी पाठीचं द्या ना ताई,
मागच्या खेपेला अर्धं राहिलं होतं.
नाव?
नाव काय लक्षात राहतं का.
तेव्हापासून नोंदवहीत एक रकाना वाढला:
खण.

जुनं पुस्तक उसवलं की काही ना काही पडतं.
धुळ्याचं एसटीचं तिकीट,
केळीच्या भावाची चिठ्ठी,
एकदा हिरव्या बांगडीचा तुकडा, तोही नीट दुमडलेल्या कागदात.
आणि एका पानाच्या कडेला, पेन्सिलीने,
बाईचंच अक्षर:
इथे खिचडी करपली.
ते पान मी चिकटवलं, पण खोडरबर नाही फिरवलं.
वाचताना अजूनही
तिथे आलं की मला गॅस आठवतो.

भादव्याच्या पुनवेला गल्लीत गुलाबाई बसली.
माझ्या जागृतीची पाळी सातव्या दिवशी.
मागल्या वर्षी तिने वेफर नेले होते,
पहिल्याच हलवण्यात ओळखले गेले;
त्या कोमलचे कान असे,
की डब्यातला फुटाणा सालासकट आहे की सोललेला
तेही सांगेल.
यंदा कोणाले ओळखता येवाव नही असं दे,
जागृती हट्टाला पेटली.

कातरलेले कागद होतेच,
लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीही.
अकरा वह्या केल्या, तळहाताएवढ्या, तीन-तीन टाक्यांच्या.
या खळीत मोरचूद नाही घातलं,
लेकरांची बोटं तोंडात जातात.
जागृतीने गेरूने मोर काढले.
चार मोर कोंबड्यांसारखे झाले,
ते तिने मैत्रिणींच्या भावंडांच्या नावाने बाजूला ठेवले.
डबा जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी ठासून भरला.

टिपऱ्या थांबल्या. डबा फिरला.
डबामा काय शे?
हलवला, आवाज नाही.
गोड? नही.
तिखट? नही.
खारं, तुरट, कडू?
चिवडा, सांजोरी, बुंदी,
गुलाबाई मातीचे डोळे वटारून बघत होती,
शेजारी गुलोजी, नाक थोडं वाकडं वाळलेलं.
कोमलने कान लावला, मग नाक लावलं,
आणि एकदम उडी मारली:
मेथीना वास येस! मेथीना लाडू!
जागृती इतकी हसली
की खाली बसली.

उघडल्यावर मात्र गप्प.
यामा काहीच लिखेल नही.
मंग तू लिख.
धाकटी रोशनी रडायलाच लागली, तिला खाऊ हवा होता.
बरोबर होतं तिचं.
मी घरातून पावशेर फुटाणे आणले,
वह्यांवर ठेवून सगळ्यांनी खाल्ले,
मोरांना मीठ लागलं.

दिवाळीनंतर कोमल वाचनालयात आली.
वही सुटली होती, पानं मेणचटलेली.
शिवून द्या, आणि पोपटी खण लावा.
मी सुईत दोरा ओवता ओवता पाहिलं.
महिनाभराच्या खाऊची यादी होती,
कुणाचा काय, कितव्या हलवण्यात ओळखला.
सातव्या दिवसापुढे तिने लिहिलं होतं:
जागृती. मेथीचे लाडू. चूक.
खाली, ओळ सोडून:
पण वास खरा होता.