टाकी क्रमांक सात

सूरमध्ये उन्हाळ्यात सात वाजता पत्र्याची शेड तापते.
त्याआधी आटपायचं.
लवंगेचं तेल मी स्पिरिटात घोळवते, एकास नऊ.
नुसतं पाण्यात टाकलं तर वरच तरंगत बसतं,
मानपान राहिलेल्या व्याह्यासारखं.

चाळीस मिलिग्रॅम, लिटरला.
घड्याळ दाबलं.
हामूर पहिल्या मिनिटाला चिडतो,
दुसऱ्याला भिंतीशी तोंड नेऊन थांबतो,
तिसऱ्याला कलतो,
आणि पोटाचा पांढरा भाग दिसतो,
जो एरवी तो कुणाला दाखवत नाही.
शेपटीला चिमटा काढते.
"प्रतिसाद नाही."
मग कल्ल्यांची उघडझाप मोजायची.
एकोणीस. सोळा. अकरा.

हर्णैला माझा बाप मासे मोजायचा
ते मेल्यावर, टोपलीने.
जिवंत माशाचा श्वास मोजायचा पगार मिळतो
हे सांगितलं तेव्हा
त्याने फोन आईकडे दिला.

आधी पुदिना करून झाला.
तुळशीच्या तेलाने मासे नुसतेच बावरले;
तो तक्ता मी नीट भरला,
घरी सांगितलं नाही.

डॉक्टर नासिर अल-अलवींची आजी झांजिबारची.
तिच्या ओढणीला, पेटीला, शेवटी शेवटी श्वासालाही
हाच वास होता म्हणे.
मी बाटली उघडते तेव्हा ते
खिडकीशी जाऊन उभे राहतात,
बाहेर बघण्यासारखं काही नसतं तरी.

आज सात नंबरचा उठेना.
स्वच्छ पाणी सोडलं. दोन मिनिटं. पाच.
कल्ले मिटलेले.
"लिहा, मिस पावसे," नासिर म्हणाले.
रकाना आहेच त्यासाठी, शेवटून दुसरा.
मी पेन कानामागे खोचलं,
दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत घातले
आणि त्याला पाण्यातून पुढे पुढे चालवत राहिले,
तोंड प्रवाहाकडे,
पहिलं पाऊल टाकणाऱ्या पोराला धरतात तसं,
टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत, परत.
कंबर भरून आली.
बिजूने चहा आणून ठेवला, तो निवला.
बाविसाव्या मिनिटाला
माझ्या तळव्यात काहीतरी किंचित उघडलं.

"हा सरासरीत धरायचा नाही," नासिर म्हणाले,
पण खिडकीशी गेले नाहीत.

रात्री आईचा फोन. दाढ काढली तिची.
चाळीस वर्षं लवंग दाबून रेटली होती.
"सुई टोचली न् मग काय कळलंच नाही बघ.
तुझ्या माशांना कळतं का गं?"
चिमटा काढून बघतो, म्हटलं.
"अगो, चिमट्याचं नाही विचारत मी,"
ती म्हणाली, बधीर जिभेने,
आणि पुढचं मला नीट ऐकू आलं नाही.

भात टाकला. डब्यातून लवंगा काढल्या,
दोन,
आणि परत ठेवल्या.
हाताला होताच वास.