भाड्याचं घर कसं पाहावं

घर पाहावं बांधून, असं सांगून गेले.
भाड्याचं कसं पाहावं
ते कुणी सांगून ठेवलं नाही.

म्हणून मासात्लानमध्ये मी घरं पाहिली
पुल्मोनियात बसून.
इथली टॅक्सी ती: ना दारं, ना काचा.
वारा छातीत भरतो
म्हणून नावच न्यूमोनिया.
एरेंदिरा पुढे, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा,
मी मागे, वहीसकट.

आधी सोनेरी पट्टा. बारावा मजला.
समुद्र कॅलेंडरसारखा टांगलेला,
ना गाज, ना वास.
शेजारचे लॉर्न, कॅनडाचे,
गुडघ्याला बर्फ बांधून बसलेले, म्हणाले,
आठ वर्षं झाली, इथली भाषा
एका शब्दाचीही लागली नाही.
त्यांनी ती शिफारस म्हणून सांगितली.
मी लिफ्टचं बटण दाबलं.

जुन्या बंदराजवळच्या माडीला
तीन खिडक्या होत्या आणि खाली बँड.
ट्युबा माझ्या कॉफीत वर्तुळं काढत राहिला.
रात्री दोनपर्यंतच, एरेंदिरा म्हणाली,
मग जरा थांबून,
शनिवारी चार.

मी वहीत लिहीत होते
पाणी किती वाजता, दवाखाना किती पावलं,
कांदा संपला तर कुणाच्या दारात जायचं.
आणि प्रत्येक घरी
खिडकीच्या गजावर बोट फिरवत होते.
समुद्र खरा किती जवळ आहे
ते घरमालक सांगत नाही, गंज सांगतो.
एरेंदिरा हसायची,
सगळे इंटरनेट विचारतात,
तुम्ही लोखंडाची नाडी बघता.

आणि तू कुठे राहतेस?
तिनं हनुवटीनं दाखवलं, रुळांपलीकडे.
तिथवर वारा येत नाही.
पूर्वी इथेच होतो,
दोन गल्ल्या मागे.
मग ती सिग्नलकडे बघत बसली
तो हिरवा झाल्यावरही.

बाजारामागचं घर शेवटचं.
निळं दार, अंगणात पेरू,
भिंतीवर फिकट चौकोन
जिथून कुणीतरी देव उतरवला होता
किंवा लग्नाचा फोटो.
दाराच्या चौकटीला पेन्सिलच्या रेघा,
खालून वर, नेरेओ पाच, नेरेओ सात,
नेरेओ अकरा. नंतर कोरं लाकूड.

कोण होतं इथे?
एक बाई. भाडं वाढलं.
कुणामुळे, ते तिनं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
माझ्या पर्समधल्या नोटा
साळसूदपणे घडी घालून बसल्या होत्या.

सही केली.
झोप लागली नाही, असं लिहायला बरं दिसलं असतं.
लागली. पंखा लावून, गाढ.

तिसऱ्या आठवड्यात
कोळंबीवाल्यांच्या गल्लीत गेले,
रंगीत छत्र्या, बर्फाच्या बादल्या,
बायकांचे हात कोपरापर्यंत गुलाबी.
एक किलो घेतली. नोट मोठी निघाली.
बाईनं मान वळवून हाक मारली,
नेरेओ, सुटे आण!

मुलगा आला. लांब पायांचा,
शेवटच्या रेघेहून
चांगली वीतभर वर गेलेला.

कुठे राहता, बाईनं विचारलं,
विचारायचं म्हणून.
सोनेरी पट्टा म्हणता आलं असतं.
जिभेवर आलाही होता तो पत्ता.
निळं दार, मी म्हटलं, बाजारामागे.

तिचे हात थांबले नाहीत.
दोन कोळंब्या सोलल्या, तिसरी सोलली.
सुटे मोजून माझ्या हातावर ठेवले,
ना एक पेसो कमी, ना एक जास्त.

मी वळले तेव्हा म्हणाली,
स्वयंपाकघरातला नळ
आधी वर उचलायचा, मग फिरवायचा.
जोर लावू नका.

घरी येऊन उचलला, फिरवला.
पाणी आलं.
तीन आठवडे मी त्याच्याशी
उगाच भांडत होते.