डोळा वर

कर्दळीला फार काही लागत नाही.
मोरीचं पाणी लागतं,
साबणाचं, तांदळाचं, अंग घासून निघालेलं,
आणि कुणी तिच्याकडे सारखं बघू नये, एवढंच.

पहिला गड्डा पंचफुलाबाई डाखोरेंनी दिला,
पोस्टिंगच्या तिसऱ्या दिवशी.
क्वार्टरमागे नुसता चिखल, त्यात डुकरं.
त्या सब्बल घेऊनच आल्या.
"लाव वो सिस्टर, सारा चिखल पिऊन टाकते हे."
खुरप्यानं कापून दाखवला,
आल्यासारखा, पण आत पांढरा, चिकट.
"डोया पाह्यजो. ज्याले डोया नाही थो फेकून दे.
डोया वर, माती दोन बोटं.
खोल गाडशीन त सडते.
अन् जागा सोड बाई, लय हातपाय पसरते."

पसरली.
आधी मोरी झाकली, मग संडासाच्या वाटेची एक बाजू,
मग कुंपणाखालून सरकून शाळेच्या हद्दीत गेली.
गुरुजी म्हणाले, अतिक्रमण आहे.
मी म्हटलं, न्या की.
नेली त्यांनी, घमेलंभर.
पिवळी होती,
पाकळीवर गोवर उठल्यासारखे लाल ठिपके.

माझ्या सहा बदल्या.
दर वेळी भांड्यांच्या आधी ती उपटली,
पानं वीतभर ठेवून छाटली,
पोलिओच्या जुन्या बॅनरमध्ये गुंडाळली
आणि एसटीत पायाशी ठेवून
लसीच्या डब्यातल्या वितळलेल्या बर्फाचं पाणी शिंपडत गेले.
कंडक्टर विचारायचा, काय आहे?
मी म्हणायची, पेशंट.

सगळी कधीच निघत नाही ती.
थोडी मागे राहतेच, मातीत, न सांगता.
माझ्या खोल्या मात्र
दर वेळी साफ रिकाम्या झाल्या.

गेल्या उन्हाळ्यात इकडची बोअर आटली.
टँकर चौथ्या दिवशी.
आंघोळ म्हणजे ओला टॉवेल,
मोरीपर्यंत पाणी पोचतच नव्हतं.
पानं कडेकडेनं कागद होत गेली.
मे संपताना खणलं,
हातात आला तो गड्डा लाकडासारखा हलका,
फिरवून फिरवून पाहिला.
डोळा एकही नाही.
माणसाचं असं असतं तर मी रजिस्टरमध्ये वेळ लिहिली असती.

दिवाळीनंतर ट्रेनिंगला दारव्ह्याला निघाले,
बस पंक्चर झाली ती नेमकी पहिल्या गावात.
पंचफुलाबाईंच्या दाराला कुलूप होतं,
गंजलेलं; मी कुणाला विचारलं नाही.
क्वार्टरला नवा रंग. नाली सिमेंटची, वरून झाकलेली,
आणि झाकणांच्या फटींतून
थेट हातपंपापर्यंत कर्दळ.
पण लाल.
सगळी लाल, ठिपका म्हणून नाही.

माझी असेल का?
बी पडून रंग बदलतो म्हणतात.
किंवा दुसऱ्याच कुणाची.
दुसऱ्याही सिस्टर येऊन गेल्या असतील इथं,
त्यांच्याही पायाशी काही असेलच.

दारातली पोर म्हणाली, "पाह्यजे काय? न्या, लय झाली."
कुठून आणली गं?
"मालूम नाही. पयलेपासूनच हाये."
तिनं विळ्यानंच एक तुकडा तोडला, माती झटकून हातावर ठेवला.
मी उलटापालटा केला. आंधळा होता.
बसवाल्यानं हॉर्न दिला.
"हा नको माय," मी म्हटलं, "डोया पाहून दे."
तिनं विळा खाली ठेवला, जवळ सरकून वाकली.

"डोया कुठं असते वो याले?"