मागे फिरणारा

हत्तुरे मॅडम म्हणायच्या, मानेत घाई करू नका,
डोक्याकडे जाणारं सगळं याच बोळातून जातं.
एप्रिलचं सोलापूर, हॉलला पंखा एकच,
फॉर्मेलिननं डोळे चुरचुरतायत
आणि टेबलावर सात नंबरचे आजोबा,
हनुवटी वर, न्हाव्यासमोर बसल्यासारखी.

त्वचा. तिच्याखाली मलमलीइतका पातळ स्नायू.
मग कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणारा तिरका दोर.
तो बाजूला सारला की एकाच म्यानात तिघं:
धमनी, शीर, आणि दोघींच्या मधे, मागे लपून,
पोटापर्यंत भटकत जाणारा मज्जातंतू.
श्वासनळीच्या कड्यांवर अवटू ग्रंथी,
पुस्तकात फुलपाखरू,
हातात आली तेव्हा भिजवलेल्या चिंचेसारखी.
तिच्या पाठीला चिकटलेल्या चार मसुरा.
आम्हाला तीनच सापडल्या.
चौथी?
मॅडम म्हणाल्या, असेल कुठेतरी. माणूस सत्तर वर्षं जगलाय.

डाव्या बाजूच्या एका तंतूनं मात्र झोप उडवली.
मेंदूकडून येतो,
स्वरयंत्राच्या शेजारून न थांबता खाली जातो,
छातीत महाधमनीला वळसा घालतो
आणि फिरून त्याच गळ्यात परततो.
वीतभर कामासाठी एवढा फेरा!
मुलं म्हणाली, निसर्गाची चूक.
मी गप्प राहिले.
आमच्या घरी धोटा रात्रंदिवस जातो नि येतो,
येताना तो रिकामा येतो
असं कुणी म्हणत नाही.

तिसऱ्या वर्षी, सर्जरीची ओपीडी.
स्टुलावर नागमणी व्यंकटेश दुडम,
वय पंचेचाळीस, विडी कामगार,
गळ्यात लिंबाएवढी गाठ.
ही गाठ पेशंटच्या मागे उभं राहून तपासतात.
कोण करून दाखवतंय? सरांनी विचारलं.
मी उठले.

आजवर तीच माझ्या मागे उभी असायची,
वेणी घालताना, बोटांना तेल आणि तंबाखूचा वास.
आता माझी बोटं तिच्या गळ्यावर.
आवंढा गिळा, मी म्हणाले.
पेशंटला अहो-जाहो करायचं असतं.
ती हसली.
गाठ हसण्यानं हलत नाही, गिळण्यानं वर सरकते,
सरांनी सगळ्यांना समजावलं.
मग तिनं गिळलं.
मीही.

हनुवटीखाली, जबड्याखाली, कानामागे,
मग मानेच्या कडेनं हळूहळू खाली,
लसिकाग्रंथी शोधत बोटं उतरली.
शेजारच्या कुंभारबाई याला अवधाण म्हणतात,
माळच लागली तर गंडमाळा.
एकही मणी लागला नाही.
बोटं तरी मी लगेच काढली नाहीत.

ऑपरेशननंतर राउंडला विचारलं, बोटांना मुंग्या येतात का?
हजार विड्या वळल्या की येतातच की, ती म्हणाली.
सरांनी गालावर टिचकी मारून पाहिली.
ओठ फडकला नाही. मसुरा शाबूत.
मागे फिरणारा तंतूही शाबूत.
पण वरचा एक, केसाएवढा,
स्वर ताणून उंच नेणारा,
ज्याला पुस्तकात जेमतेम दोन ओळी,
तो दुखावला होता.
आता ती बोलते. ओरडता येत नाही.

भद्रावती पेठेतल्या आमच्या खोलीत
मागाच्या खडखडाटावरून जो ओरडत नाही
तो घरात नसल्यातच जमा.
चौथ्या दिवशी ती दाराशी येऊन काहीतरी म्हणाली.
नुसते ओठ हलले.
नानांनी मान वळवली
(तोच तिरका दोर, मला कातडीखाली दिसला)
आणि खटका ओढून माग थांबवला.
धोटा मधेच, अर्ध्या चादरीत.
त्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ वाजतं
हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं.

काय म्हणालीस?

शेंगा संपल्यात, ती म्हणाली.