चार

धुळ्याच्या सिव्हिलला, एआरटीच्या खिडकीशेजारी
भिंतीवर जी लाल फीत आहे ना,
ती माझ्यासमोर रंगवली. मी तेव्हा नवीन होते.
पेंटरने शिडीवरून विचारलं, हाई काय शे व माय?
म्हटलं, माले काय इचारस भाऊ, तूच काढी ऱ्हायना.
मला माहीत होतं.
आठ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं मला, दार लावून.

आता ती गुलाबी पडलीय.
आमच्याकडचं ऊन कशालाच लाल राहू देत नाही,
एक मिरची सोडली तर.
फितीची खालची टोकं मात्र
पान खाऊन थुंकणाऱ्यांनी ताजी ठेवलीत.

एक डिसेंबरला नर्सिंगच्या पोरी रांगेने येतात,
मोठे डॉक्टर, कुणी साहेब, कॉलेजची मुलं,
सगळ्यांच्या छातीवर फीत.
ज्यांना नाही त्यांनी लावायची
आणि ज्यांना आहे त्यांनी पदर ओढून
गर्दीच्या मागून औषध घेऊन सटकायचं,
असा तो सण.

यंदा तू म्हणालीस, मावशी घ्या की, तुमचीच आहे.
घेतली. बटव्यात टाकली, सुपारीच्या खाली.

नरडाण्याला नातीने बटवा उपसला,
फीत पाटीवर ठेवली, उलटी,
आणि ओरडली, आजी, देख, चार!
अगं, ते चार नाही, म्हणत पाहायला गेले
तर चारच.
वर दोन हात फाकलेले, खाली गाठ.
पहिलीतली पोर. बाईंनी कालच गिरवून घेतला असेल.
सतरा वर्षं मी ती सुलटी पाहिली,
मला कधी वाचता आली नाही.

चार लोक काय म्हणतील, म्हणून जावेने
आधी माझं ताट वेगळं केलं, मग चूल, मग मोरी.
चारचौघांत नाव काढायचं नाही, म्हणून
त्याच्या दुखण्याला सगळे कावीळ म्हणत राहिले.
आग्रा रोडला ट्रक चालवायचा तो.
पळासनेरच्या नाक्यावर हाक मारणारे शंभर,
आणि गेला तेव्हा
माझा भाऊ हिरामण, त्याचा क्लिनर बारकू
आणि दवाखान्यातला एक वॉर्डबॉय,
ज्याचं नाव विचारायचं राहून गेलं.
तीन.
चौथा खांदा मी दिला.
उजवा.
दुखत नाही, पण थंडीत कळतो.

फितीचं विचारशील, हर्षाली,
तर आमची खूण दुसरीच गं.
डबीत गोळ्या वाजतात, म्हणून वर कापूस कोंबायचा.
लेबल कोमट पाण्यात भिजवून नखाने काढायचं.
मागच्या महिन्यात शिरपूरच्या शेवटच्या गाडीत
सोनगीर सुटलं आणि नऊ वाजले.
माझ्या मोबाईलचा गजर झाला.
तो दाबते न दाबते तोच
पुढच्या सीटवर एका पोराचा झाला,
विशीतला, मांडीवर कॉलेजची बॅग,
मग मागे कुणा बाईचा, भजनाची धून लावलेला.
कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
तिन्ही बाटल्यांची झाकणं मात्र बरोबरच फिरली.
कंडक्टरने मघाशी दिवे घालवले होते,
त्याला काय वाटलं कोण जाणे,
त्याने ते परत लावले,
आणि स्वतःच्या खिशात काहीतरी चाचपत
दाराकडे तोंड करून उभा राहिला.

आता भिंतीच्या रंगाला पैसे आलेत म्हणतेस.
फीत परत काढू का, की राहू देऊ,
काही अर्थ उरलाय का तिला,
असं मलाच विचारतेस, जशी मी पेंटर.

काढ.
आधी भिंत धुऊन घे.