पान एकशे बारा, खालून तिसरी ओळ

अशोक चौकामागे यमूलांच्या कारखान्यात
सुट्टीच्या दिवशी माग गप्प असतात.
तेव्हा आम्ही चौघं
चादरींच्या गठ्ठ्यावर नकाशा पसरतो.
कानात आठवड्याची खडखड उरलेली,
म्हणून जरा ओरडूनच बोलतो.

रेवण म्हणाला, मी राक्षसाला मारत नाही.
मी त्याच्या ढालीला मारतो.

वीस बाजूंचा फासा. पडले सतरा.
अंबादास उठून उभा राहिला: लागला!
लागला खरा.
पण कुणाला?

पुस्तक उघडलं. झेरॉक्स प्रत, सात रस्त्याला स्पायरल केलेली.
पान एकशे बारा, खालून तिसरी ओळ:
शस्त्रावरचा वार नेहमीच्या वारासारखाच धरावा,
मात्र जिथे तो नेहमीसारखा नाही तिथे वेगळा.

ढाल लाकडाची की लोखंडाची?
लिहिलेलं नाही.
फुटली तर उरलेला मार हाताला जातो का?
लिहिलेलं नाही.
आणि ढाल पाठीवर अडकवली असेल तर?
त्यासाठी पान एकशे चाळीस पाहावे.
पान एकशे चाळीसवर
घोड्यांच्या किमती आहेत.

सूत्रधार मी. निकाल मी द्यायचा.
वर एप्रिलच्या उन्हानं पत्रा टकटक वाजत होता.
राक्षस हात उगारून पाऊण तास उभा,
त्याच्याही काखेत कळ आली असेल.

बरं, मग मी ढाल ओढून घेतो, रेवण म्हणाला.
ओढायला ताकद मोजायची की चपळाई?
तहसीन वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला.
ती म्हणाली, कलम संदिग्ध असेल तर फायदा आरोपीला.
आरोपी कोण बे इथं? राक्षस?

तेवढ्यात अप्पा आले, तेलाचा डबा घेऊन.
अप्पा इथले जॉबर, एकतीस वर्षं.
काय करायलाव बे?
हत्याराला मार लागला तर काय धरायचं, ते सापडेना, मी सांगितलं.
हत्यार कुणाचं?
राक्षसाचं.
त्याचं स्वतःचं, का मालकानं दिलेलं?

हे चौघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

त्यांनी नऊ नंबरच्या मागातून धोटा काढला,
चिरलेलं टोक उजेडात धरलं.
दिवाळीच्या आधी हा सुटला.
कांड्या घेऊन निघालेल्या नागमणीच्या भुवईला लागला,
तिथून खांबाला.
वार एकच.
भुवईला चार टाके, धोट्याला ही चीर.
धोट्याचे पैसे कापले, माग चालवणाऱ्याच्या पगारातून.
भुवईचं काही लिहिलेलं नव्हतं.

मग फासा उचलून अंगठ्यावर फिरवला,
हा एका अंगाला जड आहे, म्हणाले,
आणि तेल घालायला मागांच्या रांगेत शिरले.

मी निकाल दिला. पेन्सिलीनं, समासात:
लाकडी ढालीला आठ गुण, लोखंडीला बारा.
उरलेला मार हाताला.
खर्च मालकाचा.

राक्षसाला मालक कुठाय बे, रेवण म्हणाला.

तेच तर.
पुढच्या सुट्टीला हे तिघं त्याला शोधायला निघणार,
मला नकाशावर त्याचं घर काढायचंय,
आणि ते किती मोठं काढावं ते कळत नाही.
फासा ग्लासात, मिठाच्या पाण्यात तरंगतोय.
बोटानं बुडवतो, सोडतो.
पुन्हा सतराच वर.