भाड्यापोटी

(पोर-वाँद्र बंदर, १९२१. घरमालकीण पॅरिसहून आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलते आहे.)

भिंत पांढरीच होती, साहेब.
चुना मी स्वतः मारलेला, ईस्टरच्या आधी, बादलीभर.
चित्रात ती लाल दिसते ना,
ती त्याची करणी.

एवारिस्त देल्मास. राहिला तीन महिने,
भाडं दिलं दीड महिन्याचं.
बूट दोन निराळ्या जोड्यांतले,
आणि रंगाच्या नळ्या अशा पिळायचा
जसं आटलेल्या शेळीचं आचळ.
पॅरिसात म्हणे या मंडळींना जनावरं म्हणत.
जनावर? सूप पिताना
आवाजसुद्धा करायचा नाही बिचारा.

पाणी घेऊन वर गेले तेव्हा विचारलं एकदा:
खुर्ची हिरवी कुठली? काळ्या लाकडाची आहे ती,
माझ्या सासूची.
म्हणाला, "दुपारी तीनला बघा, मादाम पुईग."
तीनला मी अँचोवींची डोकी खुडत असते.
मिठानं बोटं चिरलेली असतात.
तीनला खुर्चीकडे बघतं कोण?

पण एका रविवारी बघितलं.
तो बाहेर गेला होता, खिडकीची झापं सताड उघडी,
बंदराचं पाणी आढ्यावर हलत होतं,
पलंगाची चादर, माझीच, ठिगळ लावलेली,
तिच्यावर कुणी पिवळं काही सांडल्यासारखी.
खुर्ची हिरवी नव्हती. नव्हतीच.
पण तिच्या खालची सावली
शपथेवर सांगते, जांभळी होती.
मी खाली आले. कुणाला बोलले नाही.

नोव्हेंबरात त्रामोंतान सुटला,
कौलं उडाली, आणि तोही गेला.
जिन्यात हे टेकवून ठेवलेलं, ओलंच,
मागे कोळशानं लिहिलेलं: भाड्यापोटी.
अठरा फ्रँक होतात, साहेब. अठरा.
मी ते खुराड्याच्या भोकावर ठोकलं.
हा डावा कोपरा बघा, टोचलेला. तो कोंबड्यांचा.
तुमच्या वहीत लिहा तसं.

सिप्रियँनं काढून आणलं ते.
नऊ वर्षांचा होता. पलंगाशी खिळा मारला,
आणि खिडकीतला हा नारिंगी फटकारा दाखवून म्हणाला,
आई, हा मी. धक्क्यावर. गळ टाकतोय.
तुम्ही म्हणता शीड आहे.
असेल.
तुम्ही शिकलेले.

शांपान्यहून पत्र आलं त्या साली
मी चुना मारला नाही.
पुढच्या साली होडीवाल्या बारतोमेकडून
शेंदूर आणला, होडीच्या बुडाला लावतात तो,
आणि या भिंतीला लावायला घेतला.
का ते विचारू नका.
हातभर लावला. खोली नाही झाली,
होडीचं बूड झालं.
पायरीवर बसून हसले मी. मग बराच वेळ
नाही हसले.
परत चुना मारला वरून, दोन हात, तीन हात,
तरी दमट हवेत तिथं गुलाबी फुटतं.
हात लावून बघा. नको, राहू दे.

तो आता राखाडी रंगवतो म्हणता?
उत्तरेकडे, कारखाने, धूर?
डोळ्याला काही झालं का त्याच्या लढाईत?
नाही?
मग खिडकी बदलली असेल.
भेटला तर सांगा, सासूची खुर्ची आहे अजून,
एक पाय नवा बसवलाय.

तीन हजार.
तीन हजारात छप्पर होईल, आणि शेळी,
आणि चर्चमागे दगडावर त्याचं नाव.
त्या दगडाखाली कुणी नाही,
तरी नाव हवं.
मी नाही म्हणत नाही.
हो पण म्हटलं नाही अजून.

बसा. त्या खुर्चीवर नको, या स्टुलावर.
पिंपं उघडी टाकून आलेय, मला खाली जायला हवं.
पावणेतीन झालेत.
थांबणार असाल तर झापं उघडा.
आणि काही दिसलं
तर मला हाक मारू नका.